८० पाउंड भरा आणि टेस्ट खेळा: बायकांच्या पहिल्या क्रिकेट दौऱ्याचं प्रकरण (१९३४-३५)

मुलींच्या सिलेक्शन मॅचना मी गेली काही वर्षं स्कोअरिंगला बसते आणि दरवेळी नेट संपलं की कुणाचे तरी वडील मला बाजूला घेऊन हळू आवाजात एकच गोष्ट विचारतात, मॅडम पुढे खर्च किती येईल. पोरगी कशी खेळते ते नंतर, आधी बॅट, पॅड, स्पाइक्स, एसटीचं भाडं, बाहेरगावी मॅच असली तर राहायचं कुठे आणि सोबत कोण जाणार. त्यामुळे १९३४ च्या दौऱ्याबद्दल वाचायला लागले तेव्हा माझा डोळा स्कोअरकार्डच्या आधी गेला तो ८० पाउंडांवर. इंग्लंडच्या प्रत्येक खेळाडूने ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जाण्यायेण्याच्या बोटीच्या भाड्यासाठी हे पैसे स्वतः भरले, वर कपडे आणि किट स्वतःचं. तेव्हा नोकरी करणाऱ्या बाईच्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतकी ही रक्कम आहे. जगातली बायकांची पहिली टेस्ट सिरीज ही अशी, खेळणाऱ्यांच्या स्वतःच्या पैशावर झाली. माझ्या मते ती झाली याचं कारणही हेच आणि त्यातून जे राहून गेलं त्याचं कारणही हेच, आणि या दोन्ही बाजू एकत्र बघितल्या तरच हे प्रकरण नीट कळतं.

आधी थोडं मागे जाऊ. बायका क्रिकेट खेळल्याची पहिली लेखी नोंद २६ जुलै १७४५ ची आहे, इंग्लंडच्या सरे परगण्यात गॉस्डेन कॉमन नावाच्या माळावर ब्रॅम्ली आणि हॅम्बल्डन या गावांच्या मुलींची मॅच झाली, एका टीमने निळ्या फिती लावलेल्या आणि दुसरीने लाल. म्हणजे खेळ जुनाच. पण आपल्या प्रकरणासाठी महत्त्वाची गोष्ट आहे १८९० ची. त्या वर्षी 'ओरिजिनल इंग्लिश लेडी क्रिकेटर्स' नावाने पगारी खेळाडूंच्या दोन टीम उभ्या केल्या गेल्या, त्या गावोगाव एकमेकींशी प्रदर्शनी मॅचेस खेळायच्या, बघायला गर्दीही चांगली व्हायची, आणि मग मॅनेजर पैसे घेऊन पळाला. संपलं सगळं. खेळणाऱ्या बायका, तिकिटाचे पैसे देणारी पब्लिक, सगळं जागेवर होतं, फक्त तिजोरीची चावी दुसऱ्याच्या हातात होती.

१९२६ मध्ये काही बायका हियरफोर्डशायरमधल्या कोलवॉलला सुट्टीत क्रिकेट खेळायला जमल्या आणि तिथे विमेन्स क्रिकेट असोसिएशन सुरू झाली. यातल्या बऱ्याच जणी मूळच्या हॉकीवाल्या, म्हणजे टीम, क्लब, मीटिंग, फिक्स्चर हे सगळं स्वतः चालवायची सवय असलेल्या. त्यातली मार्जोरी पोलार्ड ही हॉकीची मोठी स्टार, तिने पुढे १९३० पासून बायकांच्या क्रिकेटचं मासिकच चालवलं, आणि माझं मत विचाराल तर मैदानावरच्या सेंच्युरीइतकंच हे काम मोठं आहे कारण लिहून ठेवलं नसतं तर आज आपल्या हातात काय असतं! असोसिएशनचा कारभार बायकांच्याच हातात राहील असं त्यांनी पहिल्यापासून पाहिलं. ड्रेसचे नियम कडक, पांढरा गुडघ्याइतका स्कर्ट, पांढरे लांब स्टॉकिंग्ज. बॉल ५ औंसांचा, म्हणजे साधारण १४२ ग्रॅम, पुरुषांच्या बॉलपेक्षा थोडा हलका. कुणाला हे नियम आज बुरसटलेले वाटतील पण मला त्यात सावधपणा दिसतो. कोणी बोट दाखवायला जागा ठेवायची नाही असं ठरवून त्या मैदानात उतरत होत्या.

तिकडे ऑस्ट्रेलियात राज्याराज्यांच्या संघटना एकत्र येऊन १९३१ मध्ये ऑस्ट्रेलियन विमेन्स क्रिकेट कौन्सिल झाली. सिडनीची मार्गारेट पेडन ही त्या कामात सगळ्यात पुढे. तिची बहीण बार्बरा, ती पण टेस्ट खेळली. वडील सर जॉन पेडन कायद्याचे प्रोफेसर, घर शिकलेलं, ओळखीपाळखी भरपूर, आणि मार्गारेटने त्या सगळ्याचा वापर क्रिकेटसाठी केला. इंग्लंडच्या टीमला बोलावणं गेलं ते या कौन्सिलकडून. बोलावणाऱ्यांनी सांगितलं की तुम्ही आमच्या किनाऱ्याला पोचा, पुढचं राहणं-जेवण आमच्याकडे. बोटीचं भाडं मात्र ज्याचं त्याने बघायचं.

आता वेळ कोणती होती ते लक्षात घ्या. १९३२-३३ ची इंग्लंड-ऑस्ट्रेलिया पुरुषांची बॉडीलाइन सिरीज होऊन जेमतेम दीड-दोन वर्षं झालेली. इंग्लंडच्या जार्डिनची कॅप्टन्सी, त्याचा फास्ट बॉलर लारवूडचे बॅट्समनच्या अंगावर येणारे बॉल, दोन्ही बोर्डांमधल्या त्या कडवट तारा, हे सगळं ऑस्ट्रेलियात कोणी विसरलेलं नव्हतं. १९३४ च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियाच्या पुरुषांनी इंग्लंडमध्ये जाऊन ॲशेस परत आणलेली. अशा हवेत इंग्लंडच्या झेंड्याखाली ऑस्ट्रेलियात क्रिकेट खेळायला जायचं होतं, आणि एमसीसीच्या, म्हणजे तेव्हा इंग्लंडचं पुरुषांचं क्रिकेट चालवणाऱ्या मेरिलबोन क्रिकेट क्लबच्या, कुठल्याही साहेबाची परवानगी घ्यायची गरज नव्हती कारण एमसीसीचा एक पेनीसुद्धा यात नव्हता. स्वतःच्या पैशाने जाण्याची ताकद मला इथे दिसते. कोणी देणारंच नाही म्हटल्यावर अडवणारं पण कोणी नाही.

कॅप्टन होती बेट्टी आर्चडेल, वय २७. हिची आई हेलन आर्चडेल मताच्या हक्कासाठी लढणाऱ्या सफ्रजेट चळवळीतली, जेलमध्ये जाऊन आलेली, आणि बेट्टीची गॉडमदर खुद्द त्या चळवळीची पुढारी एमेलीन पँकहर्स्ट. लहान असताना बेट्टीने आईच्या मैत्रिणींसाठी दगड गोळा करून दिलेले, खिडक्या फोडायला! अशा घरातली मुलगी, पुढे कायदा शिकलेली. ती बॅटिंगने सिरीज गाजवणारी खेळाडू नव्हती, पण जवळपास सहा महिने घरापासून लांब राहणारी टीम एकत्र ठेवणं, प्रत्येक गावात स्वागत समारंभात उभं राहून बोलणं, पेपरवाल्यांना तोंड देणं, या कामाला तीच हवी होती असं वाटतं. टीममध्ये टीचर होत्या, ऑफिसात काम करणाऱ्या होत्या, आणि काही अशा होत्या ज्यांना नोकरीची गरजच नव्हती. ज्यांना सुट्टी मिळाली आणि ज्यांना पैसे जमले त्या गेल्या. म्हणजे सिलेक्शन कमिटीच्या आधी एक सिलेक्शन बँकेच्या पासबुकाने केलेलं होतं.

२८ डिसेंबर १९३४, ब्रिस्बेनचं एक्झिबिशन ग्राउंड. याच मैदानावर सहा वर्षांपूर्वी ब्रॅडमनने टेस्ट डेब्यू केलेला. मार्गारेट पेडनची ऑस्ट्रेलिया पहिली बॅटिंगला आली आणि ४७ ला ऑल आउट! त्यातले २५ एकट्या कॅथ स्मिथचे. इंग्लंडची ऑफस्पिनर मर्टल मॅक्लागनने १० रन देऊन ७ विकेट घेतल्या. स्कोअररच्या नजरेने हा आकडा बघा, ७ विकेटला १० रन, म्हणजे बॉलिंगच्या रकान्यात नुसती टिंबं आणि टिंबं, एकही रन न गेलेल्या बॉलची. मॅक्लागनबद्दल एक गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नसते, ती जन्मली होती आपल्या अंबाल्यात, १९११ साली, लष्करी घरातली पोर. बायकांच्या टेस्ट क्रिकेटचा पहिला हिरो, किंवा हिरोइन म्हणा, अंबाल्यात जन्मलेली निघावी याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग इंग्लंड बॅटिंगला आलं, परत ओपनिंगला मॅक्लागन, ७२ रन. पण बाकीच्यांना ऑस्ट्रेलियाच्या ॲन पामरने धरलं, १८ रनमध्ये ७ विकेट. एकाच टेस्टमध्ये, तीही जगातली पहिलीच, दोन्हीकडून सात-सात विकेट. इंग्लंड १५४. दुसऱ्या डावात ऑस्ट्रेलिया सावरली, एस्सी शेव्हिल ६३ वर नॉट आउट राहिली आणि टीमने १३८ केले. तिच्या घरातल्या आणखी दोन बहिणी, फर्नी आणि रेने, याही ऑस्ट्रेलियाकडून खेळल्या, म्हणजे पेडन बहिणी दोन आणि शेव्हिल बहिणी तीन. क्रिकेट त्या काळात मुलींपर्यंत कसं पोचत होतं ते यावरून कळतं, शाळा नाहीतर घरचं अंगण, तिसरा रस्ता जवळपास नव्हताच. या डावात इंग्लंडच्या मेरी स्पिअरने १५ रनमध्ये ५ विकेट घेतल्या. इंग्लंडला ३२ हवे होते, एक विकेट घालवून ३४ केले, नऊ विकेटनी मॅच जिंकली.

थोडं थांबून एक सांगते. ही मॅच 'टेस्ट' आहे असा शिक्का त्यांना कोणी दिलेला नव्हता. बायकांच्या क्रिकेटची आंतरराष्ट्रीय संघटना झालीच मुळी १९५८ मध्ये. या बायकांनी आणि त्यांच्या दोन असोसिएशननी मिळून ठरवलं की आमचा देश विरुद्ध तुमचा देश, तीन दिवस, दोन-दोन डाव, ही टेस्ट आहे. बस. आणि पुढे सगळ्या जगाने ती तशीच रेकॉर्डबुकात धरली. आपल्याकडे आजही कित्येक मुली कोणीतरी येऊन मान्यता देईल म्हणून वाट बघत बसतात, त्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगते.

दुसरी टेस्ट जानेवारी १९३५ मध्ये सिडनी क्रिकेट ग्राउंडवर. इथे मॅक्लागनने ११९ मारल्या, बायकांच्या टेस्टमधली पहिली सेंच्युरी. तिची ओपनिंग पार्टनर विकेटकीपर बेट्टी स्नोबॉल, तिचे ७१. इंग्लंड आठ विकेटनी जिंकलं. तिसरी टेस्ट मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, ती ऑस्ट्रेलियाने ड्रॉ ठेवली. म्हणजे ४७ ऑल आउटवरून तीन आठवड्यांत इंग्लंडला रोखण्यापर्यंत ही टीम आली, आणि मला वाटतं या सिरीजमध्ये इंग्लंडच्या २-० इतकंच हे पण लक्षात ठेवायला हवं. आंतरराष्ट्रीय मॅच खेळल्याशिवाय आंतरराष्ट्रीय टीम तयार होत नाही, मग सुरुवातीला मार पडला तरी चालेल.

न्यूझीलंडला तेवढा वेळ मिळाला नाही. तिथे एकच टेस्ट, क्राइस्टचर्चच्या लँकेस्टर पार्कवर, १६ फेब्रुवारी १९३५ ला सुरू झालेली. रूथ सिमन्सची टीम ४४ ला आउट झाली आणि त्याच दिवशी इंग्लंडने ४ बाद ४३१ केले! एका दिवसात दोन्ही टीम मिळून ४७५ रन. स्नोबॉल १८९, मॉली हाइड ११०, दोघींची २३५ ची पार्टनरशिप. इंग्लंडने ५ बाद ५०३ वर डिक्लेअर केलं आणि न्यूझीलंडला दुसऱ्या डावात १२२ करता आले, एक डाव आणि ३३७ रननी हार. न्यूझीलंडची कौन्सिल आदल्याच वर्षी, १९३४ ला झालेली, म्हणजे संघटना अजून नीट उभी राहायची होती तर समोर ऑस्ट्रेलियाला हरवून आलेली टीम. त्या न्यूझीलंडच्या अकरा जणींबद्दल कोणी लिहीत नाही पण पहिल्याच टेस्टला असा दिवस काढून दुसऱ्या डावात परत पॅड बांधून उतरणं सोपं नसतं, मी स्कोअरर म्हणून असे दिवस जवळून बघितलेत, फिल्डिंग करून करून मुलींचे पाय उचलत नाहीत.

आता मूळ प्रश्नावर येते. ८० पाउंड भरू न शकणाऱ्या इंग्लिश मुली कुठे गेल्या? त्यांची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत कारण त्या लिस्टमध्ये आल्याच नाहीत. पण ऑस्ट्रेलियात सिरीज घरच्या मैदानावर होती, बोटीचं भाडं नव्हतं, म्हणून तिथे काय झालं ते बघितलं की फरक डोळ्यासमोर येतो. ब्रिस्बेनच्या त्या पहिल्या टेस्टमध्ये ऑस्ट्रेलियाकडून एक १७ वर्षांची लेगस्पिनर खेळली, पेगी अँटोनिओ. ही मेलबर्नच्या गोदी भागातली, कामगार घरातली, स्वतः कारखान्यात नोकरी करायची. लेगस्पिन अशी की पेपरवाले तिला 'गर्ल ग्रिमेट' म्हणायला लागले, क्लॅरी ग्रिमेट तेव्हा ऑस्ट्रेलियाचा मोठा लेगस्पिनर. मेलबर्न टेस्टमध्ये तिने ४९ रनमध्ये ६ विकेट घेतल्या. आता मनात हाच दौरा उलटा करून बघा, १९३४ मध्ये ऑस्ट्रेलियाला इंग्लंडला जायचं असतं तर पेगी बोटीत असती का?

आणि हा प्रश्न नुसता मनातला राहिला नाही, तीनच वर्षांत खरोखर समोर आला. १९३७ मध्ये ऑस्ट्रेलियाची टीम इंग्लंडला निघाली आणि या वेळी खर्चाचा भार त्यांच्या खेळाडूंवर. पेगीकडे पैसे नव्हते. शेवटी क्रिकेटवर प्रेम असणाऱ्या एका गृहस्थाने तिचं भाडं भरलं म्हणून ती जाऊ शकली. ती गेली आणि काय झालं? जून १९३७, नॉर्थॅम्प्टन, ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला ३१ रननी हरवलं, बायकांच्या टेस्टमधला त्यांचा पहिला विजय, आणि त्यात पेगीच्या दोन्ही डावांत मिळून नऊ विकेट. एका माणसाने पाकीट उघडलं नसतं तर हा निकाल तसाच लागला असता असं मला तरी म्हणता येणार नाही. पुढची ब्लॅकपूलची टेस्ट इंग्लंडने जिंकली, ओव्हलची ड्रॉ, सिरीज १-१.

त्या दौऱ्याचे टीमसाठी केलेले नियमही वाचण्यासारखे आहेत. दारू, सिगरेट, जुगार बंद, नवरा किंवा नातेवाईक सोबत आणायचा नाही, बोटीवर रात्री दहाला झोपायचं, सकाळी व्यायाम, पेपरात क्रिकेटवर लेख लिहायचे नाहीत. म्हणजे भाडं खेळाडूचं आणि वेळापत्रक संघटनेचं. मला हे खटकतं. १९३४ ला जी मोकळीक स्वतःच्या पैशामुळे मिळाली होती ती बाहेरच्या साहेबांपासूनची होती, आतल्या खेळाडूच्या वाट्याला ती कितपत आली हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर फारसं चांगलं नाही.

आणखी एक जागा रिकामी होती. मूळ आदिवासी समाजातल्या मेबल आणि एडना क्राउच या बहिणी १९३० च्या दशकात क्वीन्सलँड राज्याकडून खेळल्या, पण टेस्टची कॅप त्यांना मिळाली नाही. ऑस्ट्रेलियाकडून टेस्ट खेळणारी पहिली आदिवासी बाई फेथ थॉमस, पेशाने नर्स, फास्ट बॉलर, तिची टेस्ट आली १९५८ ला. ब्रिस्बेनपासून मोजलं तर तेवीस वर्षं लागली.

आपल्याकडे हे प्रकरण कुठे येऊन भिडतं तर १९७३ ला. त्या वर्षी विमेन्स क्रिकेट असोसिएशन ऑफ इंडिया झाली आणि पहिली आंतरराज्य स्पर्धा भरली पुण्यात, टीम तीनच, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. १९७६ ला बंगळूरला शांता रंगास्वामीच्या कॅप्टन्सीखाली वेस्ट इंडिजविरुद्ध आपली पहिली टेस्ट, त्याच सिरीजमध्ये पाटण्याला पहिला विजय, आणि पुण्याची शुभांगी कुलकर्णी त्याच सिरीजमधून पुढे आली. आणि पैशाचं काय? १९८२ च्या न्यूझीलंडमधल्या वर्ल्ड कपला जाण्यासाठी आपल्या मुलींना प्रत्येकी १०,००० रुपये भरायला सांगितलं गेलं. आर्चडेलच्या ८० पाउंडांनंतर ४८ वर्षांनी! इंग्लंडच्या त्या बायकांमध्ये निदान काही जणी खात्यापित्या घरातल्या होत्या, आपल्याकडे तर खेळाडू विदाउट रिझर्व्हेशन रेल्वेने जायच्या, शाळेच्या वर्गात जमिनीवर झोपायच्या. त्या पिढीतल्या डायना एडलजी, शुभांगी कुलकर्णी यांच्याकडे बघताना मला त्यांच्या विकेट्सआधी हेच आठवतं.

क्राइस्टचर्चची स्नोबॉलची ती १८९ ही बायकांच्या टेस्टमधली सगळ्यात मोठी खेळी म्हणून ५१ वर्षं टिकली. मधे महायुद्ध येऊन गेलं, मॅक्लागन सैन्याच्या बायकांच्या दलात जाऊन आली, आर्चडेल नौदलाच्या दलात, मग ऑस्ट्रेलियात जाऊन सिडनीच्या ॲबट्सली शाळेची मुख्याध्यापिका झाली आणि १९९९ मध्ये एमसीसीने पहिल्यांदा ज्या दहा बायकांना मानद सदस्य करून घेतलं त्यात तिचं नाव होतं. पेगी अँटोनिओने मात्र १९३७ च्या दौऱ्यानंतर तरुण वयातच खेळ सोडला, तिच्या नावावर फक्त सहा टेस्ट आणि त्यात ३१ विकेट. स्नोबॉलचं रेकॉर्ड मोडलं ते जुलै १९८६ मध्ये, इंग्लंडमधल्या वूस्टरच्या मैदानावर, आपल्या इंदूरच्या संध्या अगरवालने. १९० रन. एका रनने.